माळ्यावरची लायोनेल, तिसरा रूळ आणि नवा रंग मारायचा मोह: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

नमस्कार मंडळी! मागच्या अंकात जुन्या अमेरिकन खेळण्यातल्या ट्रेन्सवर, म्हणजे लायोनेल, अमेरिकन फ्लायर, मार्क्स, आइव्ह्स वगैरे, थोडंसं लिहिलं होतं. एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं, त्यामुळे यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नावं छापत नाही, कोणत्या भागातून प्रश्न आलाय तेवढंच देतो.

प्रश्न (सदाशिव पेठ): आमचा वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय. माळा रिकामा करताना एका लाकडी पेटीत खेळण्यातली ट्रेन सापडली. काळं जड इंजिन आहे, त्यावर २०३७ असा नंबर, मागच्या कोळशाच्या डब्यावर इंग्रजीत लायोनेल लाइन्स लिहिलंय. बाकी पाच डबे, त्यातल्या एका पांढऱ्या डब्याच्या दारात एक छोटा माणूस अडकून बसलाय. रुळाला दोनाऐवजी तीन पट्ट्या आहेत. आमचे चुलत आजोबा शिकायला अमेरिकेत होते, त्यांनी आणली असावी. ही किती जुनी आहे आणि विकली तर काय येईल?

काका, पहिल्यांदा एक करा, ती पेटी माळ्यावरून काढलीत तशीच घरात कोरड्या जागी ठेवा आणि त्यातला एकही कागद, पुठ्ठा, तुटका तुकडा टाकू नका, रद्दीवाल्याला तर अजिबात नाही. सांगतो का ते.

२०३७ हे लायोनेलचं १९५० च्या दशकातलं इंजिन. पुढे २ चाकं, मधे ६, मागे ४ अशी रचना, धूर सोडतं, आणि त्यात मॅग्नेट्रॅक्शन आहे म्हणजे चाकांत चुंबकत्व असतं त्यामुळे लोखंडी पत्र्याचे रूळ ते घट्ट धरून ठेवतं आणि चढावर घसरत नाही. मॅग्नेट्रॅक्शन लायोनेलनी १९५० साली आणलं, त्यामुळे त्याच्या आधीचं हे असू शकत नाही. डब्यांचे कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारे भाग, पण बघा. बोटांच्या मुठीसारखे मिटणारे, खऱ्या रेल्वेसारखे कपलर असतील तर ते १९४५ नंतरचे. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डब्यांना साधे पत्र्याचे हूक किंवा पेटीसारखे कपलर असायचे. वय ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे, नंबर पुसला गेला असला तरी चालते.

टेंडरच्या, म्हणजे त्या कोळशाच्या डब्याच्या, नंबरापुढे डब्ल्यू आहे का बघा. असेल तर आत शिट्टी आहे. छोट्या मोटरवर फिरणारा पंखा हवा ढकलतो आणि तिच्यातून वाफेच्या इंजिनासारखा खोल आवाज येतो, स्पीकर बिकर काही नाही. ७० वर्षांनी पण नुसतं तेलपाणी केलं की वाजते!

आता तो अडकलेला माणूस. काका तुमच्याकडे दूधगाडी आहे! लायोनेलनी १९४७ साली हा डबा काढला आणि तो त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या डब्यांपैकी एक झाला, मग पुढं बरीच वर्षं थोडे थोडे बदल करून येत राहिला. छपराच्या झाकणातून आत छोटे धातूचे कॅन टाकायचे, आपल्या दूधवाल्याकडच्या किटल्यांसारखे पण बोटाच्या पेराएवढे, मग गाडी एका खास रुळावर थांबवायची आणि बटण दाबायचं. दार धाडकन उघडतं, पांढऱ्या कपड्यातला माणूस पुढे येतो आणि एक कॅन बाहेरच्या फलाटावर ढकलून आत जातो, परत दाबलं की परत एक. त्या खास रुळाला मधे जादा पट्ट्या असतात, डब्याच्या खालचे सरकते बूट त्यांना टेकतात आणि तिथून करंट आतल्या कॉइलला मिळतो. माणूस अडकलाय म्हणजे बहुतेक एखादा कॅन आत आडवा पडलाय. ओढू नका. डबा उलटा करून हळूच हलवा, कॅन खडखडला तर छपराच्या झाकणातून काढा. पेटीत हिरव्या-पांढऱ्या रंगाचा छोटा पत्र्याचा फलाट आणि अजून काही कॅन असतील, ते शोधा, कारण हरवतात ते नेहमी हेच.

किमतीचं म्हणाल तर मी आकडा देणार नाही. काळं २०३७ हे भरपूर बनलेलं, भरपूर विकलेलं इंजिन आहे, दुर्मिळ अजिबात नाही, त्यामुळे कोणी तुम्हाला लाखांच्या गोष्टी सांगितल्या तर ऐकून सोडून द्या. किंमत ठरते ती कंडिशनवर, ओरिजिनल रंगावर आणि खोक्यांवर. लायोनेलचे नारिंगी-निळे पुठ्ठ्याचे खोके पोरांनी ख्रिसमसच्या दिवशीच फाडून टाकले, त्यामुळे कधीकधी आतल्या डब्यापेक्षा खोक्याला जास्त भाव येतो. म्हणून म्हटलं पुठ्ठा टाकू नका. पण खरं सांगू का, घरातल्या माणसानी आणलेली, चालू होण्यासारखी ट्रेन आहे तर विकायची घाई कशाला. नव्या फ्लॅटमधे जेवणाच्या टेबलाखाली लूप बसतो.

प्रश्न (कर्वेनगर, इंजिनियरिंगचा विद्यार्थी): खऱ्या रेल्वेला दोन रूळ असतात, मग लायोनेलला तीन का? आणि ही ट्रेन आपल्याकडच्या २३० व्होल्टवर चालवता येईल का? मित्राच्या घरी अमेरिकन ट्रान्सफॉर्मर पण आहे.

मित्राला आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग की तो ट्रान्सफॉर्मर आपल्या सॉकेटला लावू नकोस. अमेरिकेतला सप्लाय साधारण ११५ ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. २३० ला लावला तर तो जळणारच, आणि त्या काळच्या वायरचं रबर आता पापडासारखं कडक होऊन तडकलेलं असतं त्यामुळे शॉक बसायची पण भीती.

तपकीर गल्लीत स्टेपडाउन मिळेल, पण त्यानीही पूर्ण काम होत नाही, हे तुला कळेल म्हणून सांगतो. व्होल्टेज उतरलं तरी फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच राहते, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला कोअर ५० वर जास्त सॅच्युरेट होतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर गरम चालतो. लायोनेलचा झेडडब्ल्यू नावाचा मोठा ट्रान्सफॉर्मर आहे, २७५ वॅटचा, दोन्ही बाजूंना मोठ्या मुठी, दिसायला फार देखणा, पण मी तो इथं शोकेसमधेच ठेवा असं सांगेन. चालवायला नवीन, इथल्या सप्लायसाठी बनवलेला, फ्यूज किंवा ब्रेकर असलेला लो-व्होल्टेज सप्लाय वापरा. ट्रेनला १० ते १८ व्होल्टच्या आसपासच लागतात.

तीन रुळांचं कारण मस्त आहे. बाहेरचे दोन्ही रूळ एकच टर्मिनल, मधला रूळ दुसरं टर्मिनल. इंजिनाच्या खाली छोटे रोलर असतात ते मधल्या रुळावरून करंट घेतात आणि चाकांमधून तो बाहेरच्या रुळात परत जातो. आता दोन रुळांच्या ट्रेनमधे तू गाडी गोल वळवून त्याच रुळावर उलटी परत आणलीस तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट! वेगळं वायरिंग करावं लागतं. तीन रुळांत डावं-उजवं सारखंच, त्यामुळे आठ वर्षाच्या पोरानी जमिनीवर कसेही रूळ जोडले तरी गाडी चालते. खऱ्यासारखं दिसत नाही हे मान्य, पण कारपेटवर बसलेल्या पोरासाठी त्याहून चांगली आयडिया कोणाला सुचली नाही.

अजून एक गोष्ट तुला आवडेल. यात युनिव्हर्सल मोटर असते, मिक्सरमधे असते तशीच, एसी-डीसी दोन्हीवर चालते. म्हणजे डीसीवर नुसत्या वायरी उलट करून ती उलटी फिरत नाही, कारण फील्ड आणि आर्मेचर, म्हणजे मोटरमधली स्थिर आणि फिरती गुंडाळी, दोन्ही एकदमच उलटतात. मग रिव्हर्स कसं? त्यासाठी आत ई-युनिट असतं. एक कॉइल, एक दांडी आणि पितळी पट्ट्या असलेला छोटा ड्रम. करंट क्षणभर तोडून परत दिला की दांडी ड्रमला एक घर पुढे ढकलते, पुढे, न्यूट्रल, मागे, परत न्यूट्रल. इंजिन उभं असताना जो घुंई आवाज येतो तो त्या कॉइलचाच. आणि शिट्टी ऐकायचीय तर एसी करंटमधेच थोडा डीसी मिसळायचा, टेंडरमधला रिले डीसी मिळाला की बंद होतो आणि शिट्टी वाजते. म्हणून कोणी बारा व्होल्टच्या डीसी अडॅप्टरवर टेस्ट करायला गेलं तर शिट्टी थांबतच नाही, त्यात बिघाड काही नाही. ना चिप, ना प्रोग्रॅम, नुसत्या कॉइल आणि पट्ट्या, आणि स्क्रूड्रायव्हरनी सगळं उघडतं. एकदा इंजिन उघडून कार्बन ब्रश काढ, कम्युटेटरवरचा काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडनी पूस, तांब्याच्या खापा चकाकताना दिसतील, आणि मधल्या फटीत अडकलेला कार्बन टूथपिकनी काढ. बंद म्हणून सांगितलेली बरीच इंजिनं एवढ्यावरच चालू होतात.

प्रश्न (कोथरूड): सासऱ्यांची जुनी ट्रेन आहे, मोठ्ठी, पत्र्याची, खाली अमेरिकेचं नाव आहे. रंग खूप ठिकाणी उडालाय, थोडा गंज पण आहे. आमचे हे म्हणतात गाड्या रंगवणारा ओळखीचा आहे, त्याच्याकडून ड्यूको मारून घेऊ म्हणजे नव्यासारखी दिसेल. मला मन होत नाहीये. काय करू?

ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. रंगवू नका. हे मी अगदी हात जोडून सांगतो.

ओरिजिनल रंग एकदाच असतो. त्या काळात भट्टीत भाजून लावलेला तो इनॅमल रंग, त्यावरचे रबरी शिक्क्यांनी उठवलेले आकडे, पितळी नेमप्लेट, या सगळ्यावरून ती कुठल्या वर्षी, कुठल्या कारखान्यात बनली हे कळतं. ड्यूको मारण्यासाठी तो आधी घासून काढणार, म्हणजे पुरावाच गेला. नंतर कितीही पैसे खर्च केले तरी परत आणता येत नाही. आणि बाजारातही ओरखडे असलेली ओरिजिनल ट्रेन चकचकीत नव्या रंगाच्या ट्रेनपेक्षा जवळपास नेहमीच वर असते. एखादी ट्रेन इतकी सडली असेल की धातूच उघडा पडलाय आणि मॉडेलही सर्रास मिळणारं आहे, तर रंगवायला हरकत नाही, पण तेव्हा खालच्या बाजूला रंग नवा आहे असं लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या माणसाची फसवणूक होत नाही. तुमची ट्रेन त्यातली वाटत नाही.

आधी फूटपट्टी घेऊन रुळांमधलं अंतर मोजा. सव्वा इंच असेल तर ओ गेज. दोन इंच एक सूत भरलं तर मात्र जपून हात लावा, कारण ती लायोनेलची स्टँडर्ड गेज असू शकते. हे माप लायोनेलनी १९०६ साली आणलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच बंद केलं. १९२० आणि ३० च्या दशकात या मोठ्या, चमकदार रंगांच्या, पितळी कड्या-दिव्यांच्या ट्रेन्स म्हणजे अमेरिकन खेळण्यांतला राजेशाही थाट होता. ब्लू कॉमेट नावाचा निळा सेट १९३० चा, त्यासाठी आजही कलेक्टर लोक जीव टाकतात.

साफसफाई अशी करा. मऊ ब्रशनी धूळ काढा. रंगवलेल्या भागावर कोमट पाण्यात चिमूटभर सौम्य साबण, कपडा घट्ट पिळून, आणि शिक्क्यांचे आकडे आले की तिथून हात लांब, ते घासले की जातात. पत्र्यावर चित्र छापलेलं असेल तर पाणी सुद्धा शक्यतो नको, कोरड्या कपड्यावर भागवा. थिनर, रॉकेल, पितांबरी, काहीही नको. रूळ घासायला तारेची घासणी वापरू नका, तिचे बारीक लोखंडी तुकडे मोटरमधे जाऊन बसतात. चाकांच्या आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो, जास्त ओतलंत तर धूळ चिकटते.

पुण्याच्या पावसाळ्यात खरा त्रास दमटपणाचा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आतल्या आत ओल धरते. वर्तमानपत्रात पण गुंडाळू नका, शाई उतरते आणि कागद आम्लीय असतो. पांढऱ्या साध्या टिश्यूत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कपाटात ठेवा, आणि ऑक्टोबरात उन्हं आली की पुड्या बदला. ओरिजिनल खोके असतील तर कसर आणि वाळवी दोन्हींवर लक्ष ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच, उन्हाळ्यात प्लास्टिकचे डबे वाकडे होतात.

एक गोष्ट मात्र सांभाळून बघा. चाकं किंवा इंजिनाचा ओतीव सांगाडा फुगलेला, भेगाळलेला दिसतोय का? युद्धाआधीच्या जस्ताच्या ओतकामात कधीकधी शिसं वगैरे अशुद्ध धातू मिसळला जायचा, त्यानी तो भाग वर्षानुवर्षं आतून फुगत जातो, तडकतो आणि शेवटी हातात चुरा होतो. याला झिंक पेस्ट, म्हणजे जस्ताची कीड, म्हणतात. औषध नाही. असा भाग दिसला तर ती ट्रेन चालवायला जाऊ नका, चाकं बदलून मिळतात, पण सांगाडा असेल तर जसा आहे तसा आधार देऊन ठेवा. आणि युद्धानंतरचं डिझेल इंजिन असेल तर आत जुना बॅटरी सेल आहे का ते नक्की बघा. हॉर्नसाठी त्यात मोठा सेल टाकायचे, तो फुटून आतली फ्रेम खाऊन टाकतो. असेल तर हातमोजे घालून काढा.

प्रश्न (बाणेर): चार वर्षं न्यू जर्सीत होतो, तिथे एका घरगुती सेलमधे मार्क्सचा छापील पत्र्याचा सेट स्वस्तात मिळाला. आता वेड लागलंय. पण सगळे म्हणतात मार्क्स म्हणजे हलका माल, कलेक्शन करायचं तर लायोनेलच. खरं आहे का? आणि सुरुवात कुठून करू?

वेड लागलंय ना, मग बरोबर मार्गावर आहात! पण मार्क्सला हलकं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही सगळी गोष्ट कनेक्टिकटमधल्या आइव्ह्सपासून सुरू करा. एडवर्ड आइव्ह्सनी १८६८ मधे धंदा काढला, मग ब्रिजपोर्टला आला, चावीच्या ट्रेन्स बनवल्या. १९०० च्या डिसेंबरात कारखाना जळून खाक झाला, तरी परत उभा राहिला. त्या काळात अमेरिकेतल्या दुकानांत जर्मन खेळणी भरलेली असायची, न्यूरेंबर्गच्या बिंगसारख्या कंपन्यांची. पहिलं महायुद्ध झालं, जर्मन माल बंद पडला आणि अमेरिकन कंपन्यांना मोकळं मैदान मिळालं.

त्याच १९०० साली न्यूयॉर्कमधे जोशुआ लायोनेल कॉवेन या २३ वर्षांच्या तरुणानी लायोनेल सुरू केली. त्याची पहिली ट्रेन म्हणजे लाकडाचा उघडा डबा आणि खाली मोटर, दुकानाच्या काचेत माल ठेवून फिरवायला बनवलेला. गिऱ्हाईकं मालापेक्षा डबाच मागायला लागली असं सांगतात. कॉवेनला जाहिरात फार चांगली कळायची. रंगीत कॅटलॉग, बाप-मुलगा जमिनीवर बसून ट्रेन चालवताहेत अशी चित्रं, आणि ख्रिसमसच्या झाडाखाली ट्रेन हवीच हे त्यानी घराघरात पोचवलं. आइव्ह्सचा माल उत्तम, पण पैशाचं गणित जमलं नाही, १९२८ मधे दिवाळं निघालं आणि लायोनेल आणि अमेरिकन फ्लायर या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ती घेतली. वर मी ज्या टप्प्याटप्प्यानी रिव्हर्स होणाऱ्या युनिटबद्दल लिहिलं, त्याचं पेटंट आइव्ह्सकडे होतं, लायोनेलला तेच हवं होतं.

मग आली मंदी. १९३४ मधे लायोनेल कोर्टाच्या देखरेखीखाली गेली. त्याच वर्षी त्यांनी मिकी आणि मिनी माऊसची रुळांवरची हातगाडी काढली, दोघं आलटून पालटून दांडा दाबताहेत, किंमत १ डॉलर, आणि ती अडीच लाखांहून जास्त विकली गेली. मिकीनी लायोनेल वाचवली अशी गोष्ट तेव्हापासून सांगतात. मला ती पूर्ण खरी वाटत नाही, एका डॉलरच्या खेळण्यात नफा तो किती, शिवाय त्याच सुमाराला युनियन पॅसिफिक रेल्वेच्या नव्या स्ट्रीमलाइन ट्रेनचं मॉडेलही जोरात चाललं होतं. पण १९३५ च्या सुरुवातीला कंपनी त्यातून बाहेर आली हे खरं. आणि दोनच वर्षांनी, १९३७ मधे, त्यांनी ७००ई हडसन काढलं, १:४८ स्केलमधे न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचं इंजिन, रिव्हेट न् रिव्हेट दाखवलेलं, ७५ डॉलरला. मंदीतल्या अमेरिकेत खेळण्यातलं इंजिन ७५ डॉलरला!

आता तुमचा लुई मार्क्स. १९१९ मधे कंपनी काढली आणि साधा हिशेब केला, की ज्या घरात लायोनेल परवडत नाही त्या घरातल्या पोराला पण ख्रिसमसला ट्रेन पाहिजे. म्हणून पत्र्यावर छापलेले डबे, पेन्सिल्व्हेनियातल्या गिरार्डच्या कारखान्यात लाखोंनी बनवले. छपाई जवळून बघा, खिडक्यांच्या चौकटी, चाकांच्या सळया, सगळं सपाट पत्र्यावर रंगानीच उठवलेलं, आणि रंग एकमेकांवर कुठेही सरकलेले नाहीत. मोटर इतकी साधी आणि दणकट की आजही चालतात. माझं मत विचाराल तर नव्या कलेक्टरनी मार्क्सपासूनच सुरुवात करावी. स्वस्त, चालू होणारी, शिकायला सोपी, आणि चुकून बिघडली तरी झोप उडत नाही.

अमेरिकन फ्लायर आधी शिकागोची. १९३८ मधे ती ए. सी. गिल्बर्टनी घेऊन न्यू हेवनला नेली. हा गिल्बर्ट म्हणजे इरेक्टर सेट या धातूच्या पट्ट्या-नटबोल्टच्या जोडणी-खेळण्यावाला, आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधे पोल व्हॉल्टचं सुवर्णपदक घेतलेला माणूस! युद्धानंतर, १९४६ मधे त्यानी सात सूत रुंदीचे दोनच रूळ असलेली एस गेज आणली, १:६४ स्केल, आणि लायोनेलच्या तीन रुळांना हे खोटं दिसतं म्हणून थेट जाहिरातीत डिवचलं. अमेरिकेत त्या वेळच्या पोरांत लायोनेलवाले आणि फ्लायरवाले असे दोन तट होते, ते आता आजोबा झालेत तरी भांडतात.

युद्धात, १९४२ पासून, खेळणी बनवणं बंद. लायोनेल नौदलासाठी होकायंत्रं वगैरे बनवत होती, आणि १९४३ च्या ख्रिसमसला त्यांनी चक्क पुठ्ठ्याची ट्रेन विकली. जोडायला महाकठीण. ती जपून राहिलेली मिळाली तर मोठी गोष्ट. नंतरची दहा-बारा वर्षं सुवर्णकाळ, १९४६ मधे धूर सोडणारी इंजिनं, १९४८ मधे सँटा फे रेल्वेच्या लाल-चंदेरी रंगातलं एफ३ डिझेल इंजिन. मग विमानं आली, टीव्ही आला, खऱ्या रेल्वेलाच प्रवासी मिळेनात. १९५९ मधे कॉवेननी शेअर विकले, तेही त्याच्या बहिणभावंडांच्या नात्यातल्याच रॉय कोहनच्या गटाला, तोच तो, कम्युनिस्टांच्या मागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थीचा वकील. १९६७ मधे गिल्बर्ट बुडाल्यावर फ्लायर लायोनेलकडे आली आणि १९६९ मधे लायोनेलच्या ट्रेन्स जनरल मिल्सकडे गेल्या. गायक नील यंग पण १९९० च्या दशकात कंपनीत भागीदार झाला, मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, त्याला ट्रेन चालवता यावी म्हणून त्यानी रिमोट कंट्रोलवर काम केलं.

आता सुरुवातीचं. सगळं जमवायला जाऊ नका, जागा आणि पैसा दोन्ही संपतात. एक कंपनी किंवा एक दशक धरा. मार्क्सचे सहा इंची डबे एवढंच धरलंत तरी कितीतरी वर्षं पुरेल. परत अमेरिकेला गेलात तर पेन्सिल्व्हेनियात स्ट्रासबर्गला ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनचं म्युझियम आहे ते बघा, ही संस्था १९५४ ची, आणि कंडिशनची मिंट, एक्सलंट, व्हेरी गुड अशी जी प्रतवारी सगळे वापरतात ती त्यांचीच. जवळच यॉर्कला वर्षातून दोनदा मोठा मेळावा भरतो. इथं पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायला हरकत नाही, पण तिथे आणि एकूणच आपल्याकडे अमेरिकन माल कमी, इंग्रज राजवटीमुळे चावीची हॉर्नबी जास्त दिसते, खाली लिव्हरपूलच्या मेकॅनोचं नाव असतं. ती पण सुंदर आहे, अमेरिकन म्हणून घेऊ नका एवढंच. आणि घरातल्या पोरांना हे वेड लावायचं असेल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम दाखवा.

प्रश्न (सिंहगड रोड, इयत्ता आठवी): काका, लायोनेलनी मुलींसाठी गुलाबी ट्रेन काढली होती हे खरं आहे का? ती आता मिळते का?

खरं आहे ग! १९५७ मधे. गुलाबी इंजिन, आणि डबे फिकट निळे, पिवळे, जांभळे, जसे मिठाईचे रंग. कंपनीला वाटलं मुलींना असं आवडेल. पण ती विकलीच गेली नाही, कारण ज्या मुलींना ट्रेन हवी होती त्यांना खऱ्यासारखी काळीच हवी होती. दुकानात पडून राहिली, कमी बनली, म्हणून आज ती सगळ्यात हव्याहव्याशा सेट्सपैकी एक आहे. मजा म्हणजे ते गुलाबी इंजिन आणि वर सदाशिव पेठेतल्या काकांना माळ्यावर सापडलेलं काळं २०३७, दोन्हींचा सांगाडा एकच, फक्त रंग वेगळा. त्यामुळेच साधं काळं इंजिन गुलाबी रंगवून विकणारे पण खूप झाले. मोठी झाल्यावर घ्यायची वेळ आली तर विकत घेण्याआधी जाणकाराला बॉडीची आतली बाजू आणि स्क्रूची भोकं बघायला सांग, गुलाबीखाली काळा रंग दिसला तर समजायचं. आणि तुला ट्रेन आवडत असेल तर कुठल्याही रंगाची चालव.

प्रश्न (हडपसर): इंजिनात धुरासाठी काय घालायचं? उदबत्तीचं तेल चालेल का?

नाही. ट्रेनसाठी मिळणारं स्मोक फ्लुइडच घाला, दोन-तीन थेंब, बस. सुगंधी तेलं, खोबरेल, डिझेल, काहीही नको, हीटरच्या तारेवर जळून घट्ट थर बसतो आणि आगीचा पण धोका. जुन्या इंजिनात आधी हीटर चालू आहे का ते तपासा, फ्लुइड नंतर.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना फोटो नक्की पाठवा, आणि नुसता समोरून नको. इंजिन उलटं करून खालचा भाग, कपलर जवळून, नंबर जिथे आहे तो भाग, आणि रुळाशेजारी फूटपट्टी ठेवून एक. खोका असेल तर त्याच्या बाजूच्या पट्टीवरचा छापील नंबर पण.